खडकातील वाम

मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या वायव्य टोकाशी उत्तन नावाचे कोळ्यांचे गाव वसलेले आहे. आज ते मीरा-भाईंदर शहराच्या हद्दीत मोडते. परंतु त्याचे तोंड शहराकडे नसून समुद्राकडे आहे. किनाऱ्याला लागलेल्या होड्या, उन्हात पसरलेली जाळी आणि बांबूंच्या मांडवांवर टांगलेले बोंबील हे येथील नित्याचे दृश्य होय. उत्तरेस थोड्याच अंतरावर वसईची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या अलीकडच्या बाजूस चौक गावाजवळ धारावीच्या किल्ल्याचे अवशेष दिसतात. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, मराठ्यांनी हा किल्ला जिंकला. कारण तेथून खाडीच्या मुखावर नजर ठेवता येत असे. किल्ल्यात तेव्हा पहारेकरी असत, आणि ते रात्रीही जागे राहत. आज किल्ला ओस पडला आहे. परंतु अशा किनाऱ्यावरील खडकांत रात्री जागणारे दुसरे रहिवासी पूर्वीही होते आणि आजही आहेत.

समुद्राला ओहोटी लागून पाणी मागे सरले, म्हणजे हे काळसर खडक उघडे पडतात. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून जो तप्त रस बाहेर पडला, तो थिजून ते बनले आहेत. थिजताना त्यांना भेगा पडल्या. पुढे हजारो वर्षे लाटांनी त्या भेगा कोरल्या, वाळूने त्या घासल्या आणि त्यांच्या कपारी झाल्या. वरवर पाहणाऱ्यास हा खडक ओसाड व निर्जीव वाटतो. पण नीट निरखून पाहावे. त्याच्या पाठीवर कालवांचे खरबरीत थर बसलेले असतात. खळग्यांत साचलेल्या पाण्यात इवलेसे मासे सुळकन लपतात. एखादा खेकडा नांग्या उगारून बाजूबाजूने पळतो. बाजूच्या खाडीतील चिखलात निवट्या उड्या मारतात, तसा मोकळा खेळ मात्र येथे दिसत नाही. खडकावरच्या प्राण्यांचा सारा भर लपून राहण्यावर असतो, आणि त्याला कारणही आहे. दिवसातून दोन वेळा त्यांच्या डोक्यावरचे पाणी निघून जाते. त्या वेळी वर ऊन आणि पक्ष्यांच्या चोची, तर पाणी परत आले की लाटांचे तडाखे व मोठ्या माशांचे जबडे! अशा ठिकाणी ज्याला कपार मिळाली, तो जगला.

भरती-ओहोटीचे हे गणित कोकण किनाऱ्यावरील लोकांना पंचांगावरून करता येते. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे; जे उत्तर येईल, त्या सुमारास पूर्ण भरती असते. पंचमीला पाच त्रिक पंधरा, त्याचा चौथा भाग पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या आगेमागे भरती. पौर्णिमेस व अमावास्येस पंधराव्या तिथीचा हिशेब धरावा, म्हणजे उत्तर सव्वाअकरा येते. हा हिशेब ढोबळ आहे, थोडे मागेपुढे होते. तथापि घड्याळे नव्हती तेव्हा त्यावरच होड्या सुटत. भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी पुरी होते. यावरून एक मौजेची गोष्ट ध्यानात येईल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुंबईच्या आसपास भरतीची व ओहोटीची पातळी यांत सुमारे पाच मीटरपर्यंत अंतर पडते, आणि त्याच दिवसांत पाणी सर्वांत खाली जाते ते साधारणपणे पहाटे आणि सायंकाळी. म्हणजे सूर्य मावळत असता खडक उघडा असतो, आणि अंधार पडू लागला की पाणी चढू लागते. मध्यरात्रीच्या सुमारास साऱ्या कपारी खोल पाण्याखाली गेलेल्या असतात. निशाचर माशांसाठी याहून चांगली वेळ कोणती?

पूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारांच्या पाळ्या असत. दिवसपाळीचे लोक घरी परतत, तेव्हा रातपाळीचे निघत. समुद्रातील खडकांवरही अशाच पाळ्या चालतात. दिवसा डोळ्यांनी भक्ष्य शोधणारे रंगीत मासे संध्याकाळ होताच कपारींत शिरून निजतात. त्याच सुमारास, दिवसभर कपारींत दडलेले मासे बाहेर पडतात. घर एकच, पण त्यात राहणारे पाळीपाळीने बदलतात. या रातपाळीतील सर्वांत गूढ मासा म्हणजे वाम.

वाम हे नाव कोळीवाड्यात अपरिचित नाही. पण त्या नावाने बाजारात जो लांबलचक, पिवळसर मासा येतो, तो चिखलात राहणारा आहे. दिवसा तो समुद्रतळाच्या मऊ गाळात पडून असतो आणि रात्री शिकारीस निघतो. त्याची लांबी दोन मीटरांहूनही अधिक होऊ शकते. त्याच्या पोटातील वाताशय, म्हणजे हवेची पिशवी, वाळवून विकतात आणि तिला चांगली किंमत येते. आपल्याला येथे ओळख करून घ्यावयाची आहे ती त्याच्या खडकात राहणाऱ्या नातलगाची. इंग्रजीत तिला मॉरे ईल म्हणतात. मराठीत तिला खडकातील वाम म्हणणेच सोयीचे. जगातील उबदार समुद्रांत तिच्या सुमारे दोनशे जाती आहेत. काही जेमतेम वीतभर असतात, तर एक जात जवळजवळ चार मीटर लांब वाढते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील खडकांतही तिचे वास्तव्य आहे. परंतु ती दिसते फार थोड्यांना.

ज्यांना दिसते, त्यांना ती प्रथम साप वाटते. शरीर तसेच लांब व वळणारे, अंगावर ठिपके किंवा पट्टे. तरीही ती साप नव्हे. ती शुद्ध मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेणारा. मात्र इतर माशांपाशी जे असते, त्यातील पुष्कळसे तिने टाकून दिले आहे. तिच्या अंगावर खवले नाहीत. छातीजवळचे दोन पर नाहीत व पोटाखालचेही नाहीत. पाठीवरून निघालेला एकच लांब पर शेपटीला वळसा घालून पोटाच्या बाजूस येतो. याचे कारण तिच्या घरात आहे. अरुंद भेगेत शिरताना बाजूला पसरलेले पर अडकले असते, खवले खडकावर खरवडले गेले असते. त्यांऐवजी तिची कातडी जाड असते आणि तिच्यावर बुळबुळीत स्रावाचा थर असतो. त्यामुळे कालवांच्या धारदार कडांमधूनही ती अंग न कापता सरकते. पुढे जाणे शक्य नसेल तर ती तशीच मागेही पोहत जाते. वळायला जागा नसलेल्या बोळात राहणाऱ्याला ही विद्या आलीच पाहिजे.

दिवसा कपारीच्या तोंडाशी वामीचे केवळ डोके दिसते. त्या वेळी तिचा जबडा सतत उघडत व मिटत असतो आणि आतील सुळ्यांसारखे दात दिसतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. त्याला वाटते, ही आता झेप घेणार. आजवर या एका हालचालीमुळे वामीची जितकी बदनामी झाली, तितकी तिच्या दातांमुळेही झाली नसेल. वस्तुतः ती दात दाखवीत नाही, ती श्वास घेत असते. बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर रुंद झाकणे असतात. तोंड आणि झाकणे यांची उघडझाप करून ते कल्ल्यांवरून पाणी खेळवतात. वामीच्या कल्ल्यांना तशी झाकणे नाहीत. डोक्याच्या मागे दोन्ही बाजूंस केवळ एकेक लहान गोल भोक असते. तेव्हा पुरेसे पाणी आत घ्यावयाचे, तर तोंडाचाच भाता वरचेवर चालवावा लागतो. तोंड मिटून गप्प बसणे तिला परवडणारे नाही.

अरुंद घरात राहायचे म्हणून डोकेही अरुंद झाले, आणि त्यातून दुसरी एक अडचण उभी राहिली. पुष्कळसे मासे आपले भक्ष्य चावून पकडत नाहीत, ते ओढून घेतात. मासा आपले तोंड एकाएकी मोठे करतो. तोंडात पोकळी होते, बाहेरचे पाणी आत धावते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आत जाते. वामीचे डोके निमुळते. ते एकदम फुगवता येत नाही. तर मग ती पकडलेला मासा गिळते कशी? हा प्रश्न शास्त्रज्ञांना बराच काळ पडला होता. २००७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी वाम खात असताना अतिशय वेगाने चित्रे टिपणारा कॅमेरा लावला, क्ष-किरणांनी तिच्या घशाची छायाचित्रेही घेतली, आणि उत्तर हाती आले. वामीला जबड्यांच्या दोन जोड्या असतात! पहिली जोडी तोंडात, आपणा सर्वांस दिसणारी. दुसरी घशात खोलवर दडलेली, तिलाही वाकडे व तीक्ष्ण दात. पुढच्या जबड्याने भक्ष्य पकडले, की घशातील जबडा झपाट्याने पुढे तोंडापर्यंत येतो, भक्ष्यात दात रुतवतो आणि त्याला घशाकडे खेचून नेतो. विहिरीत पडलेली घागर गळ टाकून वर ओढावी, तसाच हा प्रकार. घशात दातांचे हाड असणारे मासे पुष्कळ आहेत. पण घशातील जबडा असा पुढे फेकणारा मासा वामीपूर्वी कोणास ठाऊक नव्हता.

या जबड्याचा आणखी एक उपयोग २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून कळला. गिळण्यासाठी पाण्याच्या ओढीवर अवलंबून असलेला मासा पाण्याबाहेर असहाय होतो. वामीचे तसे नाही. खेकडे खाणाऱ्या एका ठिपकेदार जातीच्या वामींना शास्त्रज्ञांनी उतारावरून पाण्याबाहेर सरकत येण्यास शिकवले, तेव्हा त्या कोरड्या जागी ठेवलेला मासळीचा तुकडा पकडून तेथेच गिळताना दिसल्या. ओहोटीच्या वेळी पाण्याच्या काठाशी खेकडे फिरत असतात. ते पाण्याबाहेर पळाले म्हणजे सुटले, असे त्यांना वाटत असेल, तर तो त्यांचा भ्रम आहे.

रात्री वाम बाहेर पडते, ती डोळ्यांच्या भरवशावर नव्हे. तिचे डोळे लहान व दृष्टी मंद असते. तिचा सारा विश्वास नाकावर. जबड्याच्या टोकाशी तिच्या नाकपुड्यांच्या दोन बारीक नळ्या पुढे आलेल्या असतात. त्यांनी पाण्यातील वास घेत घेत ती खडकाला बिलगून सरकते, एका भेगेत शिरते, दुसऱ्या भेगेतून निघते. दिवसपाळीचा एखादा मासा तेथे निजलेला असतो. त्याने घर बंद केलेले असते, पण वासाला दार कुठले? खेकडे, लहान अष्टपाद, झोपलेले मासे हे तिचे अन्न. भक्ष्य मोठे असले आणि घट्ट धरून बसले, तर वाम आपल्या शेपटीची चक्क गाठ मारते आणि ती गाठ अंगावरून डोक्याकडे सरकवत नेते. गाठीचा आधार मिळाला, की जोर करून ती भक्ष्याचा लचका तोडते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याने स्वतःच्या अंगाची अशी गाठ मारावी, हे वाचूनही खरे वाटत नाही.

इतकी दणकट शिकारी असूनही तिच्या तोंडात निर्भयपणे शिरणारे प्राणी आहेत. काही जातींच्या लहान कोळंब्या आणि काही चिमुकले मासे वामीच्या दातांमध्ये अडकलेले कण आणि कातडीवरील परजीवी किडे वेचून खातात. तेवढा वेळ वाम जबडा उघडा ठेवून स्वस्थ राहते आणि त्यांना गिळत नाही. तांबड्या समुद्रात तर तिची एक भागीदारीही पाहण्यात आली. तेथील हेकरू जातीचा मोठा मासा दिवसा उघड्या पाण्यात शिकार करतो. त्याचे भक्ष्य कपारीत शिरले, की त्याचा इलाज खुंटतो. कारण त्याचे अंग जाड. अशा वेळी तो वामीच्या घरासमोर येतो आणि तिच्यापुढे डोके जोरजोराने हलवतो. पुष्कळदा वाम बाहेर येते व त्याच्याबरोबर जाते. ती कपारीत शिरते, हेकरू बाहेर उभा राहतो. भक्ष्य आत राहिले तर वामीचे, बाहेर पळाले तर हेकरूचे. वाटणी कोणी करून देत नाही. ज्याला मिळाले त्याचे. ही हकिकत शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केली. एरवी रात्री फिरणारी वाम येथे दिवसा निघते, हे विशेष.

तांबड्या समुद्राप्रमाणे उत्तनच्या पाण्यात प्रवाळांचे मोठे बेट का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. प्रवाळ हे अतिसूक्ष्म वनस्पतींच्या साहाय्याने जगणारे प्राणी आहेत. त्या वनस्पती त्यांच्या शरीरातच राहतात आणि त्यांना सूर्यप्रकाश लागतो. उल्हास नदीचा गाळ वसईच्या खाडीतून येथे समुद्रात येतो, पाणी गढूळ असते, आणि प्रकाश खोलवर पोहोचत नाही. तरीही चिवट जातींचे प्रवाळ मुंबईच्या खडकांवर तग धरून आहेत. वरळी व हाजी अली येथील काही प्रवाळ २०२० साली सागरी मार्गाच्या बांधकामापूर्वी उचलून दुसऱ्या ठिकाणी बसवण्यात आले. दक्षिणेस जावे, तसतसे पाणी निवळत जाते. मालवण येथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ दिसतात. तेथील समुद्राचा काही भाग १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे. त्याहूनही पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, समुद्रात बुडालेले एक पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरांच्या आसपास असून स्वच्छ पाण्यामुळे तेथे प्रवाळ वाढले आहेत. दर्याचा राजा कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. वामीला मात्र खडक प्रवाळाचा की ज्वालामुखीचा, याच्याशी कर्तव्य नाही. तिला भोक पाहिजे.

आणि ते भोक तिला आईबापांकडून मिळत नाही. वामीची अंडी समुद्रात सोडली जातात आणि प्रवाहाबरोबर वाहत जातात. त्यांतून निघणारे पिल्लू आईसारखे मुळीच दिसत नाही. ते चपटे, पानासारखे आणि काचेसारखे पारदर्शक असते; एवढे पारदर्शक, की पुस्तकावर ठेवले तर खालची अक्षरे वाचता यावीत. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी असल्या पिल्लांना निराळाच मासा समजून निराळे नाव दिले होते. १८९० नंतरच्या दशकात इटलीतील ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्याने ती पाळून पाहिली आणि त्यांचेच पुढे वामीसारखे लांब मासे होतात, हे सिद्ध केले. हे पिल्लू कित्येक महिने खुल्या समुद्रात तरंगत राहते. मग एके दिवशी त्याचे अंग आक्रसते, गोल होते, त्यावर रंग चढतो, आणि काडीएवढी वाम तळाकडे निघते. त्या वेळी जवळ खडक असला पाहिजे, आणि खडकात तिच्या अंगाला बेताची होईल अशी रिकामी भेग असली पाहिजे. उघड्यावर राहिली तर ती सकाळपर्यंत टिकत नाही.

भेगा खडकात पुष्कळ आहेत, पण त्या सदैव रिकाम्या राहतात असे नाही. पावसाळ्यात खाडीतून येणारा गाळ काही कपारी भरून टाकतो. उधाणाच्या लाटा पुढे तो धुऊन काढतात. अलीकडे मात्र लाटांना धुऊन न काढता येणाऱ्या वस्तू येऊ लागल्या आहेत. उत्तनचे कोळी भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल जाळे लावतात. पिशवीसारखे हे जाळे खुंटांना बांधलेले असते आणि प्रवाहाबरोबर जे येईल ते त्यात शिरते. बोंबील, जवळा, कोळंबी यांच्याबरोबर आता त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या व तुटक्या जाळ्यांचे तुकडेही येतात. मासळी निवडण्याआधी कचरा निवडावा लागतो, आणि हे काम बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येते. जो कचरा जाळ्यात सापडला, तो निदान दिसतो तरी. जो सापडत नाही, तो लाटेबरोबर खडकावर आपटतो आणि कपारीत घट्ट बसतो. पिशवीने बंद झालेल्या भोकात पाणी खेळत नाही. आणि जिला श्वासासाठी जबड्याचा भाता अखंड चालवावा लागतो, तिला तेथे राहता येणे शक्य नाही.

वामीची मोजदाद करणे अवघड आहे. डोल जाळ्यात ती क्वचितच येते, कारण प्रवाहात ती जातच नाही. गळाला कधी लागली, तर कोळी दोरी कापून टाकणे पसंत करतो. तिच्या दातांपाशी बोटे नेण्यात शहाणपण नसते. खडकावर कालवे काढणाऱ्या बायका पाण्याने भरलेल्या भोकात एकदम हात घालीत नाहीत. वाम आपणहून कोणाच्या अंगावर धावून येत नाही हे खरे; पण तिची नजर अधू असते, नाक तेवढे तिखट, आणि मासळीचा वास लागलेले बोट व मासळी यांतील फरक तिने अंधारात कसा ओळखावा?